घडी करून नेता येणारी गोल्फ जाळी आणि मॅट : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

काय बनवायचंय ते आधी लिहून ठेवतो. गच्चीवर किंवा गावाकडे शेतात लावता येईल असा गोल्फ स्विंग प्रॅक्टिसचा पूर्ण सेट. मी आणि माझी भाची (वय १३) दोघं वापरणार. गोल्फची प्रॅक्टिस रेंज आमच्या घरापासून पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जायचं म्हणजे ट्रॅफिक धरून अर्धा दिवस जातो, शाळा-क्लास सुरू असताना ते होत नाही, आणि गोल्फमधे पंधरा दिवसांनी एकदा शंभर बॉल मारण्यापेक्षा रोज वीस बॉल मारलेले जास्त कामाला येतात.

अटी अशा. एकही तुकडा १.२ मीटरपेक्षा लांब नको, म्हणजे लिफ्टमधे आणि गाडीच्या मागच्या सीटवर आडवा मावेल. एका माणसाला दहा-पंधरा मिनिटांत उभा करता यावा. गच्चीला एकही भोक पाडायचं नाही, वॉटरप्रूफिंग नुकतंच झालंय आणि चेअरमन काकांनी परवानगी त्याच अटीवर दिलीय (दुसरी अट सकाळी सातच्या आधी आवाज नको, तीही बरोबरच आहे). खरा बॉल ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) मारला तरी अडला पाहिजे. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची अट ही की शॉट कसा बसला ते या सामानाने सांगितलं पाहिजे. जाळीत बॉल तीन मीटरवर थांबतो, तो पुढे कुठे गेला असता हे दिसतच नाही, मग नुसतं मारत राहिलं तर चुकीचा स्विंगच पक्का होतो.

१० नोव्हेंबर

आज फक्त आकडेमोड. नियमाप्रमाणे गोल्फ बॉलचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिमी आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. साधारण हौशी पुरुष खेळाडूचा ड्रायव्हर ताशी ९५ मैलाच्या आसपास फिरतो, नीट बसला तर बॉलचा वेग त्याच्या दीडपटीच्या जरा आत, म्हणजे सेकंदाला ६२ मीटर धरू, ताशी २२० किमीच्या वर. ऊर्जा होते साधारण ८८ ज्यूल. ताशी १४० किमीने टाकलेल्या क्रिकेट बॉलमधे १२० ज्यूल असतात, म्हणजे एकूण ऊर्जा गोल्फ बॉलमधे कमीच आहे, पण तो इतका लहान की समोरून दिसणारं क्षेत्रफळ क्रिकेट बॉलच्या जेमतेम एक तृतीयांश. त्यामुळे जाळीच्या एकेका धाग्यावर येणारा मार दुपटीच्या आसपास जातो. क्रिकेट नेट चालतंय म्हणून गोल्फला चालेल असं होत नाही ते यामुळे.

दुसरा हिशोब थांबवायच्या अंतराचा. ८८ ज्यूलचा बॉल जाळीने ३० सेंमी मागे जाऊन थांबवला तर सरासरी ३० किलोचा धक्का बसतो, तोच ५ सेंमीत थांबवला तर १८० किलोचा. म्हणजे जाळी ताणून बसवायची नाही, सैल सोडायची. ताणलेली जाळी लवकर फाटते आणि बॉल परत अंगावर फेकते.

१७ नोव्हेंबर

बोहरी आळीत जाळीची खरेदी. दोऱ्या, ताडपत्र्या, जाळ्या विकणाऱ्या एका दुकानात काकांनी आधी विचारलं कबुतरांसाठी हवीय का क्रिकेटसाठी. गोल्फसाठी म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातातला बॉल घेतला आणि एकेका जाळीतून ढकलून बघायला लागले. कबुतराच्या जाळीतून आरपार. क्रिकेटची म्हणून दाखवलेली ५० मिमी भोकाची होती, त्यातूनही आरपार. मग आतून २५ मिमी भोकाची, जाड दोऱ्याची नायलॉनची काढली, बॉल अडकला, काका म्हणाले "ही घ्या दादा, हिला वरून बोल्ट दोरी ओवून देतो, नाहीतर कडेने उसवत येईल." चारी बाजूंनी जाड दोरी ओवून घेतली आणि त्यासाठी थांबावं लागलं, पण ते करून घ्याच, जाळी मधे फाटायच्या आधी कडेलाच सुटते.

उन्हात नायलॉन कमजोर होत जातं, म्हणून वापर झाला की काढून ठेवायची. कायमची लावून ठेवायची असेल तर यूव्ही वाली (उन्हात टिकणारी) एचडीपीई प्लास्टिकची जाळी बरी, पण ती कडक असते, घडी नीट बसत नाही.

२४ नोव्हेंबर

फ्रेम. तीन पर्याय समोर होते. पीव्हीसी पाइप स्वस्त, जोडायला टी आणि एल्बो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, पण इंचाचा पाइप २.४ मीटरच्या वरच्या आडव्या दांडीला मधे झोळ देतो आणि उन्हात अजून मऊ पडतो. जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) पाइप भक्कम पण एका हाताने उचलायचा विषयच नाही. शेवटी अ‍ॅल्युमिनियम घेतलं, २५ मिमी बाहेरचा व्यास, दीड मिमी जाड, मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास भरतं. एकूण बारा-तेरा मीटर लागलं.

रचना साधी आहे, मागे २.४ बाय २.४ मीटरची चौकट, खाली पुढे येणारे १.२ मीटरचे दोन पाय, वरून पुढे येणारे ६० सेंमीचे दोन हात. प्रत्येक मोठी दांडी दोन तुकड्यांत. जोडाला आत सरकेल अशा पाइपचा वीतभर तुकडा, एका बाजूला रिव्हेट मारून पक्का, दुसऱ्या बाजूला मोकळा, आणि आतून इलॅस्टिकची दोरी ओवली, तंबूच्या काठ्यांमधे असते ती पद्धत, त्यामुळे कुठला तुकडा कुठल्याला हा शोध संपला. भोसरीच्या एका वर्कशॉपमधे मिस्त्रींनी कोपऱ्याचे जोड वेल्ड करून दिले. खाली म्हाताऱ्या माणसांच्या काठीला लावतात ती रबराची बुटं.

सगळ्या दांड्यांवर एसीच्या कॉपर पाइपवर असतो तो काळा फोम चढवला. हे सोडू नका. बॉल उघड्या पाइपवर आपटला तर थेट मारणाऱ्याकडे येतो आणि तेव्हा बाजूला व्हायला वेळच नसतो.

१ डिसेंबर

पहिली चाचणी, फक्त जाळी, ७ नंबर आयर्न (मधल्या अंतराचा क्लब). बॉल सगळे अडले. पण २५ मिमीची जाळी सैल सोडली तरी नीट बसलेला बॉल तिला मागे ढकलतो, मग जाळी झोपाळ्यासारखी परत येते आणि बॉल टप्पा खात पायाशी. धोका नाही, पण सतत तेच झालं तर भाची बॉल सुटला की एक पाऊल मागे घेणार, आणि फॉलो थ्रू (बॉल लागल्यानंतरचा उरलेला स्विंग) तिथेच तुटणार. स्विंग पूर्ण व्हायला हवा असेल तर समोरून काही परत येतंय ही भीती मनातून गेली पाहिजे. म्हणजे जाळीच्या पुढे जड, लोंबतं कापड पाहिजे.

८ डिसेंबर

कापडं बघितली. ताडपत्री जड आहे पण फटाका फुटल्यासारखा आवाज, सोसायटीत चालणार नाही. मांडवाची कनात पातळ पडते. जुनी सुती चादर दोन दिवसात विरते. आईने कपाटातून सोलापुरी चादर काढून दिली, जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली, पण वीण तशीच घट्ट. पुढच्या हातांमधे दोरी बांधून पडद्याच्या कड्यांनी ती टांगली, जाळीपासून ६० सेंमी पुढे, खालची कड मोकळी.

आणि काम झालं! बॉल चादरीत शिरतो, चादर पोटात घेते, बॉल सरळ खाली पडतो. आवाज नुसता धप. जाळीला आता मारच बसत नाही, ती फक्त चादरीच्या बाजूने निसटलेले बॉल पकडायला. मी मुंबई-पुण्याच्या सगळ्या गोल्फवाल्यांना सांगेन, महागातली इम्पॅक्ट स्क्रीन शोधायच्या आधी एकदा सोलापुरी चादर लावून बघा, डबल जोडाची, सैल टांगून.

२२ डिसेंबर

मॅट. ही नोंद मोठी होणार, कारण माझ्या मते सगळा प्रकल्प इथे आहे. जाळीबद्दल सगळे विचारतात, मॅटबद्दल कोणी विचारत नाही, आणि शरीराला त्रास होतो तो मॅटने, सवय बिघडते ती पण मॅटनेच.

कसं ते सांगतो. आयर्नचा चांगला शॉट म्हणजे क्लब आधी बॉलला लागतो, मग जमिनीला, स्विंगच्या वर्तुळाचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या काही इंच पुढे. बॉलच्या आधी जमिनीला लागला की फॅट. खऱ्या गवतावर फॅट मारला की माती उडते, बॉल जेमतेम निम्मं अंतर जातो, शिक्षा लगेच मिळते. काँक्रीटवर पातळ आर्टिफिशियल लॉन टाकून तोच शॉट मारला तर क्लब घसरतो, उसळतो आणि बॉलवर बऱ्यापैकी बसतो, बॉल जाळीत झकास जातो आणि वाटतं मस्त बसला. म्हणजे मॅट खोटं बोलते. वर तो सगळा धक्का मनगटातून कोपरात. कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं गोल्फर्स एल्बो नावाने प्रसिद्ध आहे (टेनिस एल्बो बाहेरच्या बाजूला), आणि कडक मॅटवर रोज आयर्न मारणं हा ते ओढवून घ्यायचा सोपा मार्ग. तेरा वर्षांच्या मुलीला मी त्यावर उभी करणार नाही.

मग थर करून बघितले. काथ्याचं जाड पायपुसणं, उभ्या केसांचं, त्यातून क्लब खरंच छान जातो, पण भुसा निघतो आणि काथ्या लवकर झडतो. नुसता योगा मॅटचा फोम, क्लब त्यात रुततो आणि मॅटच उडते. खाली वजनदार काहीतरी हवं होतं. तेव्हा शिरूरच्या आतेभावाची आठवण झाली, त्याने गोठ्यात गायींसाठी रबर मॅट टाकल्यात, १७ मिमी जाड, पूर्ण एक मॅट चाळीस किलोच्या घरात जाते. एक कापून बसवावी लागली होती, तो उरलेला तुकडा त्याने दिला. डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनात पण या मॅट बघायला मिळतात, हात लावून निवडता येतात.

आत्ताचा थर असा: खाली गोठ्याचं रबर १७ मिमी, मधे ईव्हीए फोम १२, वर दाट नायलॉनचं गवत १६, एकूण ४५ मिमी. पट्टी ३० बाय ९० सेंमी. खाली मुद्दाम चिकटपणा ठेवला नाही, गुळगुळीत फ्लेक्सच्या तुकड्यावर ठेवली, त्यामुळे फॅट मारला की पट्टी दोन-तीन सेंमी पुढे सरकते. याचे दोन फायदे, धक्का कोपराऐवजी पट्टी सरकण्यात जातो, आणि पट्टी सरकली म्हणजे फॅट होता हे वादच न घालता कळतं. खडूने फ्लेक्सवर पट्टीची कड आखून ठेवतो, रेष दिसली की समजायचं.

अजून एक गोष्ट जी तयार सेटमधे बहुतेक वेळा नसते, पायाखालची उंची. बॉल ४५ मिमी वर आणि पाय काँक्रीटवर, म्हणजे तुम्ही कायम पायापेक्षा उंचावरचा बॉल मारायला शिकताय. म्हणून पायाखाली जिमच्या २० मिमीच्या टाइल्सचे दोन थर. ४० झाले, आणि क्लब ठेवला की गवताचे केस पाच मिमी दबतात, जुळतं.

५ जानेवारी २०२५

शँकसाठी उजवी बाजू. बॉल क्लबच्या मानेला लागला की उजव्या खेळाडूचा उजवीकडे ४५ अंशांत सुद्धा सुटतो. आपली चौकट २.४ मीटर रुंद, बॉल तिच्यापासून ३.६ मीटरवर, म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त १८ अंश झाकले जातात. गच्चीच्या उजवीकडे शेजारच्या बिल्डिंगच्या खिडक्या. उरलेल्या जाळीचा पंख उजव्या उभ्या दांडीपासून बॉलच्या रेषेपर्यंत आणला, टोकाला एक सुटी उभी काठी, तिला ताणदोरी. डावीकडे लहान पंख पुरतो. वर पुढच्या हातांपासून मागच्या दांडीपर्यंत जाळीचं छत टाकलंय, वेज म्हणजे जवळच्या उंच शॉटचा क्लब, त्याचा बॉल बराच वर उठतो.

पंख लागत नाही तोवर भाचीने फक्त फोमचे बॉल मारायचे असं ठरवलं होतं आणि तिने ते पाळलं. फोमचा बॉल फार लांब जात नाही, कोणाला लागला तरी इजा नाही, पण क्लबवर काही वजन जाणवत नाही, त्यामुळे दिशा शिकायला ठीक, फटका शिकायला नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर गच्चीवरच. आजपासून चादर बोलायला लागली आणि मला याचा सगळ्यात जास्त आनंद आहे.

बॉलपासून चादर बरोबर ३ मीटरवर ठेवली (दोरीला गाठी मारून ठेवल्यात, दर वेळी टेप काढावा लागत नाही). ३ मीटरवर एक अंश म्हणजे ५.२ सेंमी. चादरीवर मधोमध पांढरी ट्विल टेप उभी शिवली, मग दोन्ही बाजूंना १०.५, २१ आणि ३१.५ सेंमीवर, म्हणजे २, ४, ६ अंश. आडव्या पट्ट्या बॉलच्या उंचीपासून ५३, ८०, १०९, १४० सेंमीवर, म्हणजे १०, १५, २०, २५ अंश उड्डाण. शिवण आईच्या मशीनवर. बॉलला खडूची पूड लावायची, गडद चादरीवर ठसा उमटतो, झटकला की जातो.

आता यातून काय कळतं. बॉल ज्या दिशेला सुटतो ती दिशा मुख्यतः क्लबचं तोंड कुठे होतं त्यावर ठरते, आयर्नला साधारण ७५ टक्के आणि ड्रायव्हरला ८५ टक्क्यांपर्यंत, बाकीचा वाटा स्विंगच्या मार्गाचा. म्हणजे ठसा उजव्या ४ अंशांच्या पट्टीवर असेल तर तोंड उघडं (उजवीकडे वळलेलं) होतं, दुसरं काही शोधायची गरज नाही. उंचीचं पण तसंच, ७ नंबरचा नीट बसलेला शॉट १५ ते २० अंशांच्या पट्ट्यांमधे येतो, १० च्या खाली आला की थिन, म्हणजे क्लब बॉलला फार वर लागला. शॉट पुढे वळला असता का ते यातून दिसत नाही, पण सुरुवात कुठे झाली हे कळलं तरी निम्मं काम झालं.

मोबाइलच्या स्लो मोशनवर फार विसंबू नका. २४० फ्रेमला सेकंदाला ४० मीटरने जाणारा क्लब दोन फ्रेमच्या मधे १६-१७ सेंमी पुढे जातो, नेमका बॉलला लागतो तो क्षण सापडतच नाही. बॅकस्विंग, वजन कुठे आहे, डोकं किती हललं, याला मोबाइल उत्तम. क्लबच्या तोंडावर बॉल कुठे बसला यासाठी बॉलच्याच मागच्या अंगाला व्हाइटबोर्ड मार्करचा ठिपका काढायचा, तो तोंडावर उमटतो.

९ फेब्रुवारी

बॉल न मारता करायचे दोन प्रकार सेटमधे घेतले.

पहिला टाल्कम पावडरचा. बॉलच्या जागी पट्टीवर आडवी बारीक रेष पावडरीची, आणि नुसता स्विंग. पावडर रेषेपासून पुढच्या बाजूला झाडली गेली तर बरोबर, मागे झाडली गेली तर फॅट. भाचीने रांगोळी सुचवली, पण रांगोळी कणीदार असते, क्लबच्या तोंडावर ओरखडे जातात, पावडरच बरी. बॉल ठेवून करायचं तर बॉलच्या मागे १० सेंमीवर घडी केलेला नॅपकिन, तो न हलता बॉल गेला पाहिजे.

दुसरा कासऱ्याचा, म्हणजे बैलाच्या दोराचा. आतेभावाकडचाच, जाड सुती, १.२ मीटर, टोकाला मोठी गाठ. क्लबसारखा धरून फिरवायचा. हातांनी घाई केली तर दोर मधेच ढिला पडतो, पाय आणि कंबर आधी वळली तर मागून ताणलेला येतो आणि गाठ फॉलो थ्रूला डाव्या खांद्याच्या मागे पाठीवर बसते. खोलीत छताला लागत नाही, पंखा मात्र बंद करायचा. या सगळ्या सामानात खिशात मावणारी वस्तू ही एकच आणि परीक्षेच्या दिवसात तिने फक्त हेच केलं, दहा मिनिटं, तरी परत क्लब धरला तेव्हा लय गेलेली नव्हती.

ती हे करताना गोल्फपटू अदिती अशोकचं सांगते. अदिती रिओ ऑलिंपिकला २०१६ मधे १८ वर्षांची होती आणि टोकियोत चौथी आली, एका शॉटने पदक गेलं. टोकियोला आपल्या पुण्याचा उदयन माने पण होता, अनिर्बन लाहिरीचा जन्मही पुण्यातलाच. आणि मला अली शेर आठवतो, दिल्लीच्या कोर्सवर कॅडी (खेळाडूची बॅग उचलणारा) होता, १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. हा खेळ मेंबरशिपच्या मागे बंद आहे असं आपण म्हणतो आणि बऱ्याच अंशी ते खरंय, पण स्विंग मेंबरशिपमधे येत नाही, तो कुठेही घडवता येतो, म्हणून हे सगळं इतकं मन लावून करतोय.

२ मार्च

वारा. जाळीतून आरपार जातो, पण चादर शिडासारखी फुगते आणि चौकट मागे झुकते. वाळूच्या पिशव्या उचलून न्यायला नकोत म्हणून ५ लिटरचे पाण्याचे रिकामे कॅन न्यायचे, जागेवर भरायचे. प्रत्येक पायावर दोन आणि मागच्या ताणदोऱ्यांना एकेक. नंतर पाणी झाडांना. शेतात कॅनऐवजी खुंट्या ठोकायच्या. चादर फडफडायला लागली इतका वारा असेल त्या दिवशी जाळी लावायची नाही, पावडर आणि कासरा करायचा.

२३ मार्च

शिरूरला नेऊन शेतात लावला. जाळी-फ्रेमची लांब पिशवी साडेसात किलोच्या आसपास, मॅट आणि टाइल्सची दहा. पिशव्या बॅनरच्या फ्लेक्सच्या शिवून घेतल्या, चेन नाही, दोरी, चेन धुळीने अडकते. मातीवर टाइल्स हलतात, म्हणून खाली गोणपाट. आणि शेतात मॅटशिवाय, थेट ढेकळं फोडून सपाट केलेल्या मातीवर मारून बघितलं, तेव्हा भाचीचे मातीतले खड्डे बॉलच्या पुढे पडत होते. ती काही बोलली नाही, एकेका खड्ड्याशी क्लब ठेवून बघत होती, मग म्हणाली "मामा, मॅट खरं सांगत होती."

२० एप्रिल

उन्हाळ्याच्या नोंदी. ईव्हीए टाइल्स गच्चीवर दुपारभर राहिल्या की आकसतात आणि कडा वर वळतात, वापर झाला की लगेच सावलीत. काळं रबर तापतं, सकाळचीच वेळ. चादर मधोमध, १५ अंशांच्या पट्टीच्या जरा वर विरायला लागलीय, सगळे ७ नंबर तिथेच बसतात. तिथे मागून जुन्या गोधडीचा हातभर चौकोन शिवला, आता तो झिजेल, चादर राहील.

पुढची कामं: डाव्या हाताने खेळणाऱ्यासाठी पंख दोन्ही बाजूंना बदलता येतील अशा कड्या, ड्रायव्हरसाठी पाण्याच्या पाइपचा टी, म्हणजे बॉल उंच ठेवायची खुंटी (आत्ता ४५ मिमी उंच कापलाय, भाचीला ३८ पुरेल असं वाटतं), आणि पाऊस सुरू व्हायच्या आत पार्किंगच्या उंचीचं मोजमाप. तिथे बीमखाली २.७ मीटर आहेत, तिचा स्विंग बसेल, माझा ड्रायव्हर बसणार नाही.